चर्चा: सेटिंग घट्ट करायची, की खातंच उडवायचं?

वाटसरू:
एप्रिल 2021 मध्ये फेसबुकच्या 50 कोटींहून जास्त खात्यांचे फोन नंबर नेटवर फुकट मिळू लागले. कुणी कुलूप फोडलं नव्हतं. ‘काँटॅक्ट्समधून मित्र शोधा’ या सोयीत नंबरांचे ढीग टाकायचे आणि कुठला कुणाचा हे फेसबुककडूनच वदवून घ्यायचं, एवढाच उद्योग. फट 2019 मध्ये बुजवली, पण तोवर यादी तयार होती. प्रोफाइलवर नंबर लपवलेल्यांचेही त्यात गेले, कारण ‘नंबरवरून मला कोण शोधू शकेल’ हे सेटिंग निराळंच.
म्हणून माझं मत: खातं डिलीट करा. डिअ‍ॅक्टिव्हेट केल्याने प्रोफाइल फक्त झाकलं जातं. आधी फोटो डाउनलोड करून घ्या आणि फेसबुकने लॉगिन केलेली बाकीची अ‍ॅप्स ईमेलवर आणा, नाहीतर तिथून बाहेर फेकले जाल. विचार बदलायला 30 दिवस असतात. सगळं पुसायला 90 दिवसही लागू शकतात.

खडूफळा:
पटलं नाही. तुमचा नंबर तुमच्या मेव्हण्याच्या फोनबुकात आहे, आणि त्याने काँटॅक्ट्स अपलोड केले की तुम्ही खातं उडवून काय साधलं? शिवाय सोसायटीच्या टँकरची वेळ त्याच कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच येते. तिथून उठून जायचं कुठे?
आहे तिथेच बंदोबस्त करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत जाऊन ‘ग्रुप्स’ला ‘माय काँटॅक्ट्स’ करा, म्हणजे कुणीही उचलून ग्रुपात टाकणार नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, मुद्दाम चालू करा. ते आपोआप नसतं. गप्पा एन्क्रिप्टेड म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर त्या संरक्षणाविना पडलेला असतो. पासवर्ड मात्र लिहून ठेवा, विसरलात तर बॅकअप गेला.

वाटसरू:
आणि समोरच्याचा बॅकअप? तुमचे मेसेज त्याच्याकडेही आहेतच की.

खडूफळा:
आहेत. पण तुमचं खातं डिलीट झालं तरी त्याच्याकडचे मेसेज राहतातच, तेव्हा हा मुद्दा तुमच्याही अंगावर येतो.

चावडीवाला:
तुम्ही दोघं कंपनीशी भांडताय. खरी गळती सोसायटीच्या ग्रुपातच आहे. पोलिस व्हेरिफिकेशनसाठी भाडेकरूचं आधार सेक्रेटरीला हवं असतं. घरमालक ते सरळ ग्रुपात टाकतो, आणि शंभर-दीडशे फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतं! ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करेपर्यंत कुणीतरी पुढे ढकललेलं असतं. कागद ग्रुपात नकोच, थेट सेक्रेटरीला द्या. नुसती ओळख पटवायची असेल तिथे यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.
नंबर लपवायचे तर साध्या ग्रुपाऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची ‘कम्युनिटी’, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र बांधणारी सोय, सुरू करा. तिच्या सूचनांच्या ग्रुपात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, अ‍ॅडमिनला दिसतात. आतल्या गप्पांच्या ग्रुपात मात्र दिसतात. इथे बऱ्याच कमिट्या फसतात.

शाईपेन:
कायदा आलाय ना? 2017 ला सुप्रीम कोर्टाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, 2023 ला डेटा संरक्षण कायदा झाला.

चावडीवाला:
कलम 3 वाचा. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी व्यक्तीने वापरलेली माहिती कायद्याबाहेर, आणि तुम्ही स्वतः जगजाहीर केलेलीही बाहेर. मावशीने भाचीचा ‘शाळेचा पहिला दिवस’ असा फोटो नेटवर चढवला, त्यात गणवेशावरचा बिल्ला आणि मागे बसचा नंबर, तर हा कायदा मावशीला विचारणार नाही. नियमही नोव्हेंबर 2025 ला आले, त्यातली मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू.

वाटसरू:
मग मावशीचं काय करायचं?

खडूफळा:
फोन करून फोटो हटवायला सांगायचं. चारचौघांत कमेंट करू नका, रुसतील. आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवत असतील तर तेही थांबवा. तसा पाठवला की मूळ फाइल जाते, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर घराचा पत्ताही सोबत जातो.