पोळ्याचा फलक : माणूस आणि बैल, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (शाळा, उदगीर तालुका)
पोळ्याला वर्गात 'माणूस आणि बैल' असा फलक लावायचाय. बहुतेक पुस्तकं नांगरापासून सुरू होतात, ते बरोबर आहे का? आणि मुलांना हात लावून बघता येईल असं काय ठेवावं?

उत्तर १
नांगरापासून नको ताई, नांगर फार उशिरा आला. वशिंडाची गुरं बलुचिस्तानात मेहरगढ भागात सुमारे 8000 वर्षांपूर्वी माणसाळली. राजस्थानात कालीबंगनला नांगरलेल्या शेताच्या सऱ्या मिळाल्या, त्या इ.स.पू. 2800 च्या आसपासच्या. मधली तीनेक हजार वर्षं मुलांना दोरीवर गाठी मारून दाखवा.

आपल्या दख्खनचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचं. इ.स.पू. 1600 ते 700 ची ही वस्ती. तिथे कापल्याच्या खुणा असलेली गुरांची हाडं निघाली, आणि त्याच गावात घराच्या जमिनीखाली बिनशिराच्या देवीसोबत मातीचा बैलही पुरलेला सापडला. फलकावर हे लिहायला जड जाईल, पण गाळू नका. खाणं आणि पुजणं तेव्हा एकाच अंगणात होतं.

उत्तर २
वापरलेलं जू ठेवा, शिवळा (मानेच्या बाजूच्या खुंट्या) आणि जोत्यांसकट (गळ्याखालचे पट्टे). ते वशिंडाच्या पुढे मानेवर बसतं. वशिंड नसलेल्या युरोपी बैलांच्या कित्येक ठिकाणी शिंगांनाच जू बांधत.

हिशोबही घाला. बैलाची सततची ओढ वजनाच्या दहा टक्के धरतात. 400 किलोचा बैल म्हणजे 40, जोडीला 80 किलो. काळ्या रानात खोल नांगरटीला म्हणूनच तीन-चार जोड्या लागत. ज्याच्याकडे एकच बैल, तो वारंगुळ्यानं, म्हणजे शेजाऱ्याच्या बैलाशी आळीपाळीनं, जोडी जमवी. शेजारधर्म असा बैलावर उभा होता.

जुवाचा घासलेला भाग मुलांना बोटानं चाचपू द्या. बैलाचा खांदा येतो, म्हणजे घासून सुजतो, जखम होते, तो इथेच. कारणं : दांडा अरुंद किंवा धारेचा, जोडीत एक उंच एक बुटका, खांदा ओला, किंवा बरेच दिवस बसून असलेल्या बैलाला एकदम दिवसभराचं काम. उपाय : काम बंद, खांदा धुवून कोरडा करायचा, केस परत येईपर्यंत जू नाही. पू असेल तर पशुवैद्य. उघड्या जखमेवर लोणी-हळद चोळू नका, घाण आत कोंडते. पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी, म्हणजे खांद्याला लोणी-हळद चोळणं, धडधाकट खांद्यासाठी असते. तेव्हा बैलाला म्हणतात ते 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' हे वाक्य फलकाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा.

उत्तर ३
यात लमाणांचा बैल राहिला. तो नांगर नव्हे, पाठीवर गोणी वाहायचा. तांडे हजारो बैलांवर धान्य-मीठ नेत, मोगल फौजांनाही तेच पुरवत. 1900 च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली आणि मराठवाड्यात हे काम आटत गेलं. ट्रॅक्टरनं पुढे नांगराच्या बैलाचं तेच केलं.

जातींचं मात्र स्वतंत्र पान करा. लाल कंधारी ओढकामाची. देवणी दूध आणि काम दोन्हीची, तुमच्याच भागातली. तिचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे तीन रंग मुलांकडून काढून घ्या. आज गाय दुधासाठी टिकते, गोऱ्ह्याला काम उरत नाही, आणि कामाशिवाय कंधारीची निवड कशावर करायची हाच खरा पेच आहे.

शेवटी 1965 चे ओढकामाच्या जनावरांचे नियम लावा : दिवसात 9 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 5 तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. आपला एप्रिल-मे आठवा. ऊसतोडीच्या गाड्यांजवळही हेच पान लावायला हवं.