कार्लस्टाट: ल्यूथरला डॉक्टरेट देणारा, ल्यूथरमुळेच हद्दपार झालेला

जुनीपाने: जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरबद्दल वाचताना आंद्रेआस कार्लस्टाट हे नाव सारखं येतं आणि दरवेळी ‘मूर्ती हटवायला निघालेला माथेफिरू’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. १५१२ मध्ये ल्यूथरला डॉक्टरेट देणारा हाच ना? मग बिनसलं कशावरून? शेतकऱ्यांच्या बंडाचा पुढारी थॉमस म्युंत्सर, त्याच्या बंडात तोही होता का?

दीपस्तंभ: ल्यूथर वार्टबुर्ग किल्ल्यात लपला होता, तेव्हा त्याच्या विटेनबर्ग गावात कार्लस्टाटने भलतीच घाई केली. मार्च १५२२ मध्ये ल्यूथर परतला, आठ दिवस रोज उपदेश केला आणि गाव शांत झालं. लोकांची मनं तयार नसताना वेदीवरच्या मूर्ती हटवून काय साधतं?

रानजाई: दीपस्तंभ, घाई झाली हे खरं, पण घाई कशाची ते बघा. १५२१ च्या नाताळात कार्लस्टाट याजकाचा झगा न घालता, साध्या कपड्यांत वेदीपाशी उभा राहिला. प्रभुभोजनाचे (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचे) शब्द मोठ्याने, जर्मन भाषेत उच्चारले. भाकर लोकांच्या हातात दिली, प्यालाही दिला. तोवर प्याला फक्त याजकाचा. एकाच्या हातून भाकर खाली पडली. कार्लस्टाट ‘उचल’ म्हणाला, पण त्या माणसाची हिंमतच होईना. शतकानुशतकं बसलेली भीती होती ती! मी चर्चचा इतिहास शिकवते आणि दरवर्षी या प्रसंगापाशी थांबते.

जानेवारी १५२२ मध्ये नगरसभेने नियम केले: चर्चमधल्या मूर्ती-चित्रं काढायची, भीक बंद, आणि गरिबांसाठी सामायिक निधी. तो निधी ‘माथेफिरू’च्या गोष्टीत कुणी सांगतच नाही. ल्यूथर परतल्यावर कार्लस्टाटचं लिखाण जप्त झालं.

मग तो साले नदीकाठच्या ओर्लामुंडे गावी पाळक म्हणून गेला. पदव्या सोडल्या, करडा शेतकरी कोट चढवला, ‘मला आंद्रेआसभाऊ म्हणा’ म्हणाला. बाळांचा बाप्तिस्मा थांबवला. तुमचा शेवटचा प्रश्न: नाही. म्युंत्सरने सोबत या म्हणून कळवलं, तेव्हा ओर्लामुंडेकरांनी शस्त्र धरायला साफ नकार दिला आणि ते पत्र छापलंसुद्धा. तरी ल्यूथरने दोघांना एकाच माळेत ओवलं, ते मला अजून खुपतं.

२२ ऑगस्ट १५२४ ला येना गावात ल्यूथरचा उपदेश झाला. कार्लस्टाट श्रोत्यांत बसला होता. नंतर ‘काळं अस्वल’ नावाच्या खाणावळीत दोघं समोरासमोर आले. ल्यूथरने सोन्याचं नाणं काढून दिलं: लिही माझ्याविरुद्ध, उघडपणे! महिनाभरात कार्लस्टाटला सॅक्सनी (हा सगळा जर्मन प्रांत) सोडावी लागली, बायको गरोदर असताना. आपली बाजू न ऐकता, आपल्याला खोडून न काढता मार्टिन ल्यूथरने हाकललं, असं त्याने लिहून ठेवलंय.

सुधारणा करताना सावकाश जावं का, यावर त्याने एक पत्रकच लिहिलं. त्याचं म्हणणं असं की लहान मुलाच्या हातात धारदार सुरी दिसली तर आपण त्याची समजूत पटेपर्यंत थांबत नाही, रडलं तरी काढून घेतो. दीपस्तंभ, तुमच्या प्रश्नाला त्याचं उत्तर हेच.

दीपस्तंभ: पण सुरी कोणती आणि मूल कोण, हे ठरवणार कोण? मूर्तीपुढे हात जोडणारी म्हातारी मूल नव्हे.

रानजाई: हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्यापाशी याला पुरेसं उत्तर नव्हतं. पण ल्यूथरच्या ‘थांबा’मागे सॅक्सनीच्या राज्यकर्त्याची मर्जी होती, हेही विसरून चालणार नाही.

जुनीपाने: ताई, पुढे काय झालं त्याचं?

रानजाई: १५२५ च्या शेतकरी युद्धात दोन्ही बाजूंना नकोसा झाला. शेवटी ल्यूथरकडेच आसरा मागितला, आणि ल्यूथरने स्वतःच्या घरात लपवलं. ल्यूथरच्या बाजूने हे मी आवर्जून सांगते. बदल्यात गप्प राहायचं. विटेनबर्गजवळ शेती केली, किरकोळ माल विकत हिंडला. १५२६ मध्ये त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि धर्ममाता कोण, तर ल्यूथरची बायको काटरीना! ज्याने बाप्तिस्मे थांबवले, त्याला तिथे उभं राहताना काय वाटलं असेल? १५२९ मध्ये त्याने सॅक्सनी सोडली. स्विस धर्मसुधारक त्स्विंग्लीच्या मदतीने झुरिकला पोचला, १५३४ पासून बाझेलला प्राध्यापक होता. तिथे मात्र धर्मशास्त्र शिकवणाऱ्याला पदवी हवीच, अशी बाजू त्याने घेतली. करडा कोट घालणारा हाच का, असं मला वाटत राहतं. २४ डिसेंबर १५४१ ला प्लेगने गेला.