गॅस भरण्याआधी हीटरकडेही पाहावे
गाडीच्या एसीचा थंडावा कमी झाला की आधी गॅस भरून घ्यावा, हा या चर्चेत दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. ही यंत्रणा बंदिस्त असल्याने गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतच असणार, आणि नवा गॅसही त्याच वाटेने जाईल. शिवाय जुन्या गाडीत दोष हीटरच्या बाजूला असू शकतो, याचा उल्लेख अजून कोणी केलेला दिसत नाही. एसी चालू ठेवून बॉनेट उघडावे (पट्टा व पंखा यांपासून हात दूर ठेवून) आणि केबिनमधून कॉम्प्रेसरकडे (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाकडे) येणारी जाड नळी पाहावी. ती गार असून तिच्यावर पाण्याचे थेंब साचले असतील, तरीही आतला झोत कोमटच येत असेल, तर हीटरचा फ्लॅप (गरम हवेची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) पूर्ण बंद होत नसून इंजिनाची उष्णता हवेत मिसळत असण्याची शक्यता अधिक.