विश्रामबागवाले: बंटीची ऑफर आणि मृणालचा प्रश्न

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५. घरच्या ग्रुपवरच्या गप्पा. दादा-वहिनी जर्मनीत स्टुटगार्टला, बाकीचे इकडे; मृणाल ही बंटीची बायको.

आक्का: स्टुटगार्टला कोणी फोन का उचलत नाही? साडेनऊपासून तीनदा लावला.

दादा: आक्का, आज पहाटे इथली घड्याळं तासभर मागे गेली. कालपर्यंत साडेतीन तासांचा फरक होता, आजपासून साडेचार. तुझे साडेनऊ म्हणजे आमचे पहाटेचे पाच. त्यात रविवार.

आक्का: मग घड्याळ मागे घेण्याआधी सांगत जा की.

नाना: ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. दरवर्षी सांगतो मी तिला. मार्चच्या शेवटच्या रविवारी परत पुढे.

भाऊकाका: (सूर्यफुलाचं चित्र, शुभ रविवार)

बंटी: दादा, उठलाच आहेस तर विचारतो. ऑफर आली. स्टुटगार्टच. फॉयरबाखला ऑफिस. वर्षाला ५८,००० युरो. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय.

आत्या: अरे वा!!! पेढे!!!

भाऊकाका: म्हणजे ५८ लाख.

दादा: काका, शंभराने गुणायचं पहिलं बंद करा. मीही ते केलं होतं. ५८ हजारांवर महिन्याला हातात अंदाजे ३,००० ते ३,१०० येतात. करवर्ग तिसरा (नवरा-बायकोत ज्याचा पगार जास्त त्याला) घेतला तर ३,४०० च्या आसपास. बाकी कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेरोजगारी विमा. त्यातून घरभाडं हीटिंगसकट १,२०० ते १,४०० धर. रेडिओ-टीव्हीची पट्टी दर घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. बस-ट्रेनचा पास ५८, जानेवारीपासून ६३. उपाशी राहत नाही कोणी, पण ५८ लाखही नाहीत.

भाऊकाका: टीव्ही नसताना टीव्हीचे पैसे?

दादा: हो.

नाना: घर केवढं मिळतं रे?

दादा: जाहिरातीत 'दोन खोल्या' लिहिलं असेल तर हॉल धरून दोन. म्हणजे आपला वन बीएचके. आणि बंटी, नीट वाच: 'किचन आहे' असं लिहिलंय का बघ. नसेल तर स्वयंपाकघरात नुसते नळाचे पाइप असतात. ओटा, सिंक, शेगडी, सगळं आपण आणायचं. आधीचा भाडेकरू सोडून जाताना विकतो, ते घ्यायचं.

आक्का: सिंकसुद्धा घेऊन जातात?

दादा: सिंकसुद्धा.

आत्या: देवा.

बंटी: डिपॉझिट?

दादा: भाड्याच्या जास्तीत जास्त तिप्पट, तेही हीटिंग वगळून जे भाडं असतं त्याच्या. आणि घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं पत्र. त्या कागदाशिवाय बँक नाही, काही नाही. पहिला महिना तू नोकरी करत नाहीस, कागद गोळा करतोस.

भाऊकाका: सोसायटी कशी आहे तुमची? मेंटेनन्स किती?

वहिनी: काका, मेंटेनन्स आम्हीच आहोत 😄 इथे केरवोखं असते. केर म्हणजे झाडणे (शब्द आपलाच वाटतो ना), वोखं म्हणजे आठवडा. आमच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवली की तो आठवडा जिना आम्ही झाडायचा, पुसायचा, कठडासुद्धा. याला छोटी म्हणतात. मोठी असली की समोरचा फूटपाथ, तळघर, कचऱ्याच्या पेट्यांची जागा. बर्फाचा फावडाही भाडेकरूंच्याच हातात, सकाळी लोक कामाला निघायच्या आत.

नाना: मर्सिडीज बनवणारं शहर आणि जिना पुसायला बाई नाही?

दादा: नाना, उलट आहे. मर्सिडीजवाला साहेबसुद्धा पुसतो. भाडेकरारात लिहिलेलं असतं.

आत्या: तू पुसतोस??

दादा: हो.

वहिनी: 🤨

दादा: पुसतो. कधी कधी.

आक्का: इथे असताना ताट उचललं नाही त्याने.

मृणाल: वहिनी, मला एक विचारायचं होतं. वेगळं विचारणार होते, पण इथे सगळे आहेत तर इथेच. ब्लू कार्डवाल्याच्या (म्हणजे ह्यांना शिक्षण-नोकरीवर मिळेल तो परवाना) बायकोला नोकरी करता येते ना? मी आता चिंचवडला फिजिओ म्हणून सहा वर्षं काढलीत. सोडून यावं लागेल.

आत्या: अगं, नवरा जातोय तिकडे जायचंच असतं. थोडे दिवस आराम कर की. मुलंबाळं बघ. आम्ही नाही का राहिलो घरी.

वहिनी: मृणाल, कायद्याने करता येते, पहिल्या दिवसापासून. व्हिसाला जर्मनची ए वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची परीक्षासुद्धा मागत नाहीत ब्लू कार्डवाल्यांच्या बायकांना. आणि हीच खरी गोम आहे. मागत नाहीत म्हणून आपण शिकत नाही.

वहिनी: थांब, मोठं लिहिते.

वहिनी: आम्ही आलो नोव्हेंबर २०२१ मध्ये. डिसेंबरात साडेचारला अंधार. दादाला तिसऱ्या दिवसापासून ऑफिस. त्याची मीटिंग इंग्रजीत, जेवण कॅन्टीनमध्ये, त्याला चार माणसं नावाने ओळखायला लागली. मला कोण ओळखत होतं? पुण्यात मी नववी-दहावीला गणित शिकवायचे, रिक्षावाल्यापासून शिपायापर्यंत सगळे 'मॅडम'. इथे बेकरीत 'दोन पाव' म्हणायला मला धीर होत नव्हता. रांगेत माझा नंबर आला की बोटाने दाखवायचे. एकदा मागची बाई काहीतरी म्हणाली, सगळे हसले. मला समजलं नाही. कदाचित माझ्यावर हसलेच नसतील. पण पुढचे दोन आठवडे मी त्या बेकरीत गेले नाही.

वहिनी: कागदावर आमचं छान चाललं होतं. कमावत नव्हते म्हणून त्याच्याच विम्यात माझा विमा फुकट. करवर्ग त्याचा तिसरा, माझा पाचवा, म्हणजे त्याच्या हातात जास्त. सगळेच असं करतात. पुढे मला अर्ध्या वेळेची नोकरी लागली तेव्हा पाचव्या वर्गाने कापून पगार आला. मला वाटलं ऑफिसची चूक झाली. दोनदा जाऊन विचारलं. चूक नव्हती. वर्षाअखेरीला विवरण भरलं की घराचा एकूण हिशेब तोच येतो, मान्य. पण दर महिन्याला पगाराच्या कागदावर मी अर्ध्या किमतीची दिसायचे. आणि बेरोजगारी भत्ता, बाळंतपणानंतरचा भत्ता, सगळं त्या हातात येणाऱ्या आकड्यावर मोजतात. मागच्या वर्षी आम्ही दोघांनी चौथा घेतला, तो दोघांना सारखा.

दादा: ते मला आधी सुचायला हवं होतं.

वहिनी: हो.

आक्का: तू मला कधी सांगितलं नाहीस हे. रोज फोनवर तर 'मजेत' म्हणायचीस.

वहिनी: आक्का, तुम्ही रोज विचारायचात 'काय केलंस आज?' सांगण्यासारखं काही केलेलंच नसायचं. मग मागच्या आठवड्यातलं थालीपीठ आजचं म्हणून सांगायचे.

आक्का: आणि मी त्याची रेसिपी विचारत बसायचे.

(आत्याने हा मेसेज डिलीट केला)

नाना: मग सुधारलं कसं?

वहिनी: जिन्यामुळे. थट्टा नाही करत, नाना. पहिल्या केरवोखंला मी पुसून घेतलं, तर तळमजल्यावरच्या आजी बाहेर आल्या. वय ७८. त्यांनी कठड्याखालून बोट फिरवलं, मला दाखवलं. धूळ. मी परत पुसलं. पुढच्या वेळी त्या आधीच दारात उभ्या. मला एक शब्द समजायचा, चार नाही. पण त्या थांबायच्या, परत म्हणायच्या. ऑफिसातली माणसं आपल्याला अडखळताना बघून लगेच इंग्रजीत येतात, ते उपकार आजींनी केले नाहीत कारण त्यांना इंग्रजी येतच नाही. त्यांची भाषाही पुस्तकातली नाही, श्वाबिश. इकडे प्रत्येक शब्दाला 'ले' लागतो. घर हाउस, तर त्याचं हॉइसले. आपलं घर आणि घरकुल. ते कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा इथे हसू आलं.

वहिनी: मग फोल्कहोखशूलं मध्ये, म्हणजे मोठ्यांच्या शिकवणी केंद्रात नाव घातलं. सरकारी इंटिग्रेशन कोर्स, ६०० तास भाषा, १०० तास देशाची माहिती. त्यांचा तास ४५ मिनिटांचा. वर्गात सीरियाचे, युक्रेनचे, ब्राझीलची एक नर्स. बी वन, म्हणजे मधली पातळी, पास झाले. शाळेत मात्र अजून नाही. इथे शिक्षकाला दोन विषय लागतात, माझ्याकडे एकच. २०२३ मध्ये महिना ५२० युरोच्या मिनीजॉबवर, म्हणजे छोट्या नोकरीवर सुरुवात केली, शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घ्यायचा. आता त्याच ठिकाणी अर्ध्या वेळेची पक्की आहे. अपूर्णांक जर्मनमध्ये शिकवते. मुलं माझे आर्टिकल दुरुस्त करतात, मी त्यांचे छेद.

मृणाल: आणि फिजिओचं?

वहिनी: तुझं माझ्यापेक्षा बरं आहे आणि अवघडही. फिजिओ इथे कमी आहेत, माणसं हवी आहेत. पण मान्यतेशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. इकडे अर्ज स्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियमकडे, म्हणजे विभागीय सरकारी कार्यालयाकडे जातो. बी टूपर्यंत जर्मन लागतं. ते तुझा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून बघतात, कमी पडलं तर पूरक प्रशिक्षण नाहीतर परीक्षा. तेव्हा निघायच्या आधी कॉलेजमधून विषयवार तासांची यादी घे, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं, इंटर्नशिप वेगळी. सही-शिक्क्यासकट. हॉस्पिटलचं अनुभवपत्र घे, त्यात काय काम केलं ते सविस्तर लिहून. हे सगळं इथे बसून मागवायचं म्हणजे सहा महिने फोन करत बसशील. भाषांतर शपथ घेतलेल्या अनुवादकाकडूनच.

बंटी: म्हणजे वर्षभर तरी जाईल हिचं.

वहिनी: बंटी, 'हिचं' नाही. तुमचं. पहिल्या वर्षीचा खर्च मांडशील त्यात घरभाड्याखालची ओळ मृणालचा क्लास अशी लिही. सोफा नंतर घ्या.

भाऊकाका: पण सूनबाई, नोकऱ्यांचं काय ऐकतोय? गाड्यांच्या कंपन्यांत कपात चालू आहे म्हणे.

दादा: खरं आहे काका. मंदी आहे, लपवण्यात अर्थ नाही. ब्लू कार्ड नोकरीला बांधलेलं असतं. पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलली तर परदेशी लोकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. कायमचा परवाना ए वन जर्मनवर २७ महिन्यांत, बी वन असेल तर २१. बंटी, हे तुझ्यासाठी. माझं इंग्रजीत भागत होतं म्हणून मी लांबवलं. हिची बी वन आधी झाली, माझी नंतर.

नाना: आणि नागरिकत्व? पासपोर्ट सोडणार का तुम्ही?

दादा: नाना, तो विषय जेवणानंतर.

नाना: मागच्या रविवारीही जेवणानंतर होता.

मृणाल: वहिनी, मी आलेच नाही पहिले सहा महिने, तर? हे पुढे जातील. मी इथे नोकरी चालू ठेवून मॅक्स म्यूलर भवनला ए वन, ए टू करते. कागद गोळा करते.

आत्या: लग्नाला दोन वर्षं नाही झाली आणि वेगळं राहायचं?

बंटी: आत्या, आत्तासुद्धा मी सेकंड शिफ्टला आणि ही सकाळी. आम्ही फ्रिजवर चिठ्ठ्या लिहितो.

वहिनी: मृणाल, मी असते तर हेच केलं असतं. फक्त त्याला एकट्याला किचन घ्यायला सांगू नकोस.

दादा: सिंक मी बघून देतो.

आक्का: सहा महिन्यांनी मृणाल जाईल तेव्हा तिच्याबरोबर साजूक तूप देते. तुमचं संपलं असेल.

वहिनी: आक्का, तूप नाही चालत. युरोपाबाहेरून दूध-तुपाचे पदार्थ, मांस आणायला बंदी आहे. पेढेही नकोत. भाजणी द्या, मेतकूट द्या, आणि भडंग. लोणी इथे चांगलं मिळतं, मी घरी कढवते. चक्का म्हणून क्वार्क वापरते, फडक्यात रात्रभर टांगून. पाडव्याला श्रीखंड त्याचंच होतं.

आक्का: फोटोत तर आपल्यासारखंच दिसत होतं.

वहिनी: आजींना वाटीभर दिलं. म्हणाल्या, छान आहे, पण हे पिवळं काय आणि एवढी साखर का.

भाऊकाका: बंटी, शुक्रवारी काय सांगणार मग?

बंटी: हो सांगणार. एक जानेवारीऐवजी एक फेब्रुवारी मागतो. आणि मृणाल तिकडे आली की करवर्ग चौथा घालतो, वहिनींचं ऐकून.

मृणाल: ह्यांनी आत्ताच वहीत 'क्लास' लिहिलं. दुसऱ्या ओळीत. फोटो टाकू का?

नाना: टाक. पुरावा असू दे.

आत्या: मृणाल, क्लासची फी मी देईन पहिल्या लेव्हलची. काही म्हणायचं नाही.

आक्का: 🙏 आणि दादा कुठे गेला? जेवणानंतर म्हणाला होता.

वहिनी: या आठवड्याची पाटी आमच्या दाराला होती. शनिवारी पुसायचं ते हा विसरला. उद्या ती समोरच्यांकडे द्यायची. आणि रविवारी इथे खिळासुद्धा ठोकत नाहीत, आजींना बादलीचा आवाज गेला तर संपलंच.

दादा: जिन्यात आहे. मोज्यांवर. कोणी फोन करू नका.