रिडेव्हलपमेंटमध्ये मोकळी जमीन कशी वाचवायची?

मुलुंडकर: आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, आवारात दोन मोठी आंब्याची झाडं आहेत आणि बिल्डर म्हणतो गार्डन पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरच्या स्लॅबवर, देतो. मुंबईचा क्लायमेट प्लॅन २०२२ मध्ये आला, २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढं कार्बन सोडू तेवढंच शोषलं जाईल, असं ठरलं, मग सोसायटीनं नेमकं काय मागायचं?

चाळकरी: पोडियमवर मातीचा थर पातळ, खाली स्लॅब, पाणी मुरणार कुठे? सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय की किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी. बिल्डिंगचा प्लॅन पास व्हायच्या आधी आर्किटेक्टकडून ड्रॉइंग घ्या, खाली बेसमेंट नसलेली जागा मार्क करून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही हो.

सायली: आणि ते ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, तरी आपण सगळीकडे पेव्हर ब्लॉकच टाकतोय, फार वाईट वाटतं.