शेवटच्या दहा मिनिटांत हातची मॅच गेली, असे अनुभव

निळीजर्सी
काल लेकाची शाळेची फुटबॉल मॅच होती. १-० पुढे, पाच मिनिटं उरलेली. हरले १-२. दादर ते मुलुंड ट्रेनमध्ये एक शब्द बोलला नाही.

मला माझं १९९६ आठवलं. पावसातली मॅच, मी स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, २-१ पुढे. शेवटी शेवटी आम्ही सगळे आमच्याच डीमध्ये, गोलसमोरच्या चौकोनात, गोळा झालो होतो. मागे या असं कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप सरकत गेलो. बाहेरून सगळे 'लांब मार, लांब मार' ओरडतायत. मी मारत होतो आणि बॉल दर वेळी त्यांच्याच हाफच्या, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या पायात, परत आमच्या डोक्यावर. मग घाईत मी बॉल आमच्याच गोलरेषेबाहेर मारून कॉर्नर दिला. माझ्या आजूबाजूला त्यांचा एक माणूस नव्हता हो! त्या कॉर्नरवर बरोबरी, आणि शिट्टीच्या आधी तिसरा. तो चिखल अजून डोळ्यांसमोर येतो.

खेळलेल्या, बघितलेल्या, कुठल्याही मॅचेस लिहा. लेकाला वाचून दाखवणार आहे.

वांद्रेवाला
२६ मार्च २०२४, गुवाहाटी, भारत-अफगाणिस्तान. आपला कॅप्टन सुनील छेत्रीची १५०वी मॅच, पेनल्टीवर त्याचाच गोल. मग ७०व्या आणि ८८व्या मिनिटाला दोन खाल्ले. जूनमध्ये कतारला परत तेच. आपल्या विंगर छांगतेने ३७व्या मिनिटाला पुढे नेलं, ७३व्याला बरोबरी, ८५व्याला दुसरा. वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी गेली.

रात्रपाळी
कतारचं नका काढू. बॉल रेषेबाहेर गेलेला मला मोबाईलवर दिसला, आणि गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणं, नव्हतं. त्या रात्री डबा तसाच परत नेला.

गोरेगावची_आई
लेक जेवला का रात्री? माझी मुलगी गोलकीपर आहे, गोल झाला की सगळे मान वळवून तिच्याकडेच बघतात. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

परळकर
वडील नेव्हिल डिसोझाचं सांगायचे. आपला मुंबईचा. १९५६ मेलबर्न ऑलिम्पिक, ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक. सेमीफायनलला युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्याचाच, आपण पुढे! नंतर १-४ हरलो. वडील मात्र त्या १-० पाशी थांबायचे आणि चष्मा पुसायचे. पुढचं मी मोठेपणी वाचलं.

अंधेरी_स्टँड
मी दुसऱ्या बाजूला होतो. २४ एप्रिल २०२४, गोव्यात फातोर्डाला, इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलची पहिली मॅच, घरी टीव्हीवर बघत होतो. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-०. मग मुंबईचे गोल: छांगते, विक्रम प्रताप, परत छांगते. मुंबई ३-२! म्हापशाचा मावसभाऊ शेजारी बसला होता. मी ओरडत उठलो, त्याचा चेहरा बघितला आणि खाली बसलो. तो काही न बोलता आत गेला, दोघांसाठी चहा करून आणला.

वांद्रेवाला
@अंधेरी_स्टँड मोठ्या मनाचा माणूस. पुढच्या वेळी त्याला अंधेरीला मॅचला घेऊन या, तिकीट माझ्याकडून.

मैदानावरचा
मी पोरांना शिकवतो. पुढे असताना एक जण वर ठेवायचाच. सगळे मागे आले तर लांब मारलेला बॉल घेणार कोण? बॅक आणि हाफ यांच्यात जागा पडू द्यायची नाही. दमलेला विंगर वेळेवर बदला. आणि अंगावर आलंच तर बाजूच्या रेषेबाहेर मारून थ्रो द्या, कॉर्नर नको. तुमच्या लेकाला सांगा, हे दोष एकट्या बॅकचे नसतात. अकरा जण मागे सरकतात तेव्हा मॅच जाते.

निळीजर्सी
@मैदानावरचा हे मला १९९६ला कुणी सांगायला हवं होतं. @गोरेगावची_आई जेवला, फक्त वरणभात.

गोरेगावची_आई
बरं झालं. आता एक सांगा, मुलीला पावसाळ्यासाठी स्टडचे बूट घ्यायचेत, धोबी तलावला मिळतील ना? पाय वाढतोय, एक नंबर मोठे घेऊ का?

मैदानावरचा
मोठे अजिबात नको, चिखलात पाय आत फिरतो. मोजे घालूनच बघा.