हार्टमनची ३५२ विमाने: पराक्रम कोणाचा?

गगनवेध:
"एरिक हार्टमनने पाडलेली ३५२ विमाने ही नवशिक्या रशियन वैमानिकांची शिकार होती," असे काल एका सदस्याने येथे लिहिले. ते वाचल्यापासून राहवत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील या जर्मन लढाऊ वैमानिकाबद्दल सविस्तर लिहितो. १९४१ साली हे म्हणणे पुष्कळ अंशी खरे ठरले असते. परंतु हार्टमन रशियन आघाडीवर पोहोचला तो १९४२ च्या ऑक्टोबरात, आणि त्याने पाडलेली बहुतेक विमाने १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईपासून पुढची आहेत, म्हणजे कोझेदुबसारखे निष्णात सोव्हिएत वैमानिक नव्या लावोच्किन विमानांतून लढत होते त्या काळातली. समोरची काच शत्रूच्या विमानाने भरून जाईपर्यंत तो गोळी झाडत नसे. हे नवशिक्यांच्या शिकारीचे काम नव्हे.

पश्चिमवारा:
ते मीच लिहिले होते. जर्मन वैमानिक मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत लढत राहत. हार्टमनची उड्डाणे १,४०० च्या वर गेली. अमेरिकेने आपल्या रिचर्ड बाँग या वैमानिकाला ४० विमाने पाडल्यानंतर मायदेशी परत नेले. संधीच इतकी असमान असताना आकड्यांची तुलना कशी करायची? शिवाय १९४४ च्या ऑगस्टमध्ये याच हार्टमनने हिटलरच्या हातून हिरेजडित पदक घेतले, हे विसरून कौतुक करणे मला पटत नाही.

सांजवात:
तुम्ही दोघेही केवळ वैमानिकाबद्दल बोलत आहात. हार्टमनचे मेसरश्मिट १०९ विमान रोज उड्डाणाला तयार कोण ठेवत होते? माझे वडील हवाई दलात फिटर होते. कितीही घासले तरी त्यांच्या नखांतले काळे वंगण जात नसे, आणि सत्कार समारंभात त्यांची जागा नेहमी शेवटच्या रांगेत असे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये हार्टमन रशियनांच्या हाती सापडला, तेव्हा त्याचा मेकॅनिक हाइन्झ मर्टेन्स रायफल घेऊन त्याला शोधायला शत्रूच्या हद्दीत गेला होता. त्याला कोणते पदक मिळाले?

पश्चिमवारा:
ताई, ही कथा हार्टमनच्या चाहत्यांनी सांगितलेली आहे. वडिलांच्या आठवणी हा पुरावा होत नाही.

सांजवात:
माझ्या वडिलांना यात ओढू नका. ज्या हातांनी इंजिन उघडून पुन्हा जोडले, त्यांची नोंद कागदावर झाली नाही म्हणून ते हात नव्हतेच, असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. तुमची बाँगची गोष्टसुद्धा मेकॅनिकशिवाय जमिनीवरून उठत नाही.

गगनवेध:
ताईंचे म्हणणे मला मान्य करावे लागते. ८ मे १९४५ रोजी हार्टमनला ब्रिटिशांकडे उडून जाण्याचा आदेश होता. तो गेला नाही. तुकडीतली माणसे आणि सोबतच्या बायकामुलांबरोबर निघून तो अमेरिकनांना शरण गेला. त्यांनी सगळ्यांना रशियनांच्या हवाली केले.

पश्चिमवारा:
त्या एका निर्णयाबद्दल मी त्याला मान देतो. ३५२ बद्दल आणि त्या पदकाबद्दलचे मत मात्र बदलत नाही. त्या निर्णयापायी दहा वर्षे कैदेत काढून तो १९५५ साली घरी परतला, तोवर त्याने कधीही न पाहिलेला मुलगा वारला होता.

सांजवात:
पुढच्या वेळी या धाग्यावर ३५२ लिहाल, तेव्हा शेजारी मर्टेन्सचे नावही लिहा. माझे एवढेच मागणे आहे.